उबेचा कप्पा

चहाची किटली वाजायला लागली, की मर्डक विचारायचा, "ॲलेक डॅन आला का गं?"

"नाही यायचा तो," एफी म्हणायची. "पानगळ झाल्यापासून येत नाही. किती वेळा सांगू?"

"बर्फ फार पडलाय का?"

"बर्फाचं काही नाही. टपालाच्या पेट्याच काढून नेल्यात."

"हां, हां," म्हणायचा तो, आणि डुलत्या खुर्चीत तोंड खिडकीकडे वळवायचा. डोळ्यांवर साय धरली होती त्याच्या. खिडकी म्हणजे उजेडाचा एक चौकोन, एवढंच उरलं होतं. पण रस्ता कुठं आहे हे मानेला ठाऊक होतं. म्हातारा घोडा आंधळा झाला तरी तहानेला ओढ्याकडेच मान टाकतो, तसं.

त्यांच्या वाटेच्या तोंडाशी खांबावर पत्र्याची पेटी होती, लाल निशाणाची. ॲलेक डॅन गाडीतून यायचा, दोनदा भोंगा वाजवायचा, पत्रं टाकून पुढं जायचा. फक्त शहरातल्या औषधाच्या दुकानातून मर्डकच्या इन्सुलिनचं पुडकं आलं, की ते पेटीत टाकायचा नाही. चढ चढून घरात यायचा, कोटाची बटणं सोडायचा आणि आतून, छातीजवळून, पुडकं काढून टेबलावर ठेवायचा. कोंबडीखालचं अंडं काढून हातावर ठेवावं तसं. मग चहा, ओटची भाकरी, आणि ग्लेनभरच्या, म्हणजे अख्ख्या खोऱ्यातल्या, चहाड्या.

वळणावर गाडी थांबवणं धोक्याचं आहे, असं वरून कुणीतरी ठरवलं. खांब उपटले. ॲलेक डॅनची फेरी बंद झाली. खाली चौरस्त्यावर, जळालेल्या शाळेच्या पायाशेजारी, खणाखणांचं एक लोखंडी कपाट उभं राहिलं आणि घरटी एक किल्ली आली. समोरच्या टेकाडावरची सॅडी त्याला खुराडं म्हणायची.

रिअर ग्लेनमध्ये निम्मी घरं मॅकिननांची, आणि दर दोन घरांआड एक मर्डक. आडनावानं कुणी कुणाला ओळखत नसे. हा 'चुलीतला मर्डक'. जानेवारीच्या वादळात, सातव्या महिन्यात जन्मला. मुठीत मावेल एवढा जीव. सुईणीनं त्याला लोकरीच्या मोज्यात सरकवलं, आणि लोखंडी चुलीच्या माथ्यावर भाकरी ऊन ठेवायचा जो कप्पा असतो, त्यात ठेवून दिलं. तिथंच तो वाढला. "आईनं निम्माच आणला, उरलेला चुलीनं भाजून काढला," असं त्याचा बाप चारचौघांत सांगायचा.

तीच चूल अजून त्या स्वयंपाकघरात होती. एफी सून होऊन आली ती त्या चुलीपुढं. त्याच कप्प्यात पुढं तिनं गारठलेली कोकरं ठेवली, भिजलेली पिल्लं ठेवली. काठीसारखं ताठ झालेलं कोकरू आत जायचं आणि घटकाभरात बें करत बाहेर तोंड काढायचं. गारठलेल्याला ऊब द्यावी, म्हणजे ते उठतं. एवढं एक शास्त्र तिला पक्कं ठाऊक होतं, आणि जन्मभर ते खरं ठरलं होतं.

पानगळीत मर्डक एकदा साखर उतरून खुर्चीतून खाली आला, रुग्णवाहिका बोलवावी लागली. त्यानंतर घरोघर फिरणारी नर्स आली, जोआन. भली बाई. टेबलाशी बसून एफीचा हात हातात धरला आणि म्हणाली, "एफी, हे एकदाच सांगते. पुन्हा रुग्णवाहिका आली, तर 'घरी राहू शकतो' असं मला लिहिता येणार नाही. मग वृद्धाश्रम. जिथं खाट रिकामी असेल तिथं. दोन तासांवर असली तरी."

"आणि मी?"

"तुम्हाला नाही मिळायची खाट. तुम्ही धडधाकट आहात ना."

एफी आपल्या गाठाळलेल्या बोटांकडे बघत राहिली. धडधाकट असल्याचं असं वाईट तिला कधी वाटलं नव्हतं.

*

फेब्रुवारीत एका शुक्रवारी दुकानातल्या मुलीचा फोन आला. "पुडकं पाठवलंय, एफीमावशी. आज तुमच्या खणात पडलं असेल."

फ्रीजमधल्या बाटलीत तळाशी दोन दिवसांचं उरलं होतं. तिन्हीसांज झाली होती, गुडघा ठणकत होता. उद्या जाऊ, म्हणाली ती.

रात्री पाऊस लागला. पडताना पाणी आणि टेकताना बर्फ, असा. सकाळी दार उघडलं तर सगळा ग्लेन काचेत ओतल्यासारखा. फांदी न् फांदी, तार न् तार. वीज गेलेली. कुठंतरी झाड कडाडून मोडलं.

एफीनं बूट घातले, बुटांवरून मर्डकचे जाड लोकरीचे मोजे चढवले. काचेसारख्या बर्फावर लोकर धरते, रबर घसरतं. एका हातात काठी, दुसऱ्यात चुलीच्या राखेचा डबा. राख टाकायची, पाऊल टाकायचं. पावलाला ताल हवा म्हणून ओठांत घोंगडी आपटायचं जुनं गाणं धरलं. पोरीबाळी टेबलाभोवती बसून ओली लोकर आपटायच्या तेव्हाचं.

*लोकर भिजली गं, आपटा पाटावरी,*
*धनी माझा दर्यावरी, ऊब राखा घरी.*

"एफी!" सॅडी टेकाडावरून ओरडली. "नाचायला निघालीस का गं?"

"खुराड्याकडं!"

"अंडी घातली का त्यानं?"

"मर्डकचं औषध आलंय."

"मग सांभाळून जा बये. पडलीस तर मी काही उचलायला यायची नाही. खिडकीत बसून बघेन. टीव्ही तसाही बंदच आहे!"

चौरस्त्यावरचं कपाट अंगठाभर जाडीच्या बर्फाखाली होतं. खणाचा आकडा आतून दिसत होता, तळ्यातल्या माशासारखा. एफीनं काठीनं ठोकलं, किल्लीनं खरवडलं. वाकून कुलपावर फुंकर घातली. छाती रिकामी होईस्तोवर घातली. मग हातमोजा काढून उघडा तळवा लावला. तळवा चिकटला. सोडवला तेव्हा थोडी कातडी तिथंच राहिली, कुलूप मात्र उघडलं नाही.

परतताना चढावर पाय गेले. कंबर वाचली, पण उभं राहता येईना. मग ती रांगली. सत्तरी कधीच ओलांडलेली बाई, गुडघ्या-हातांवर, आपणच टाकलेल्या राखेचा माग काढत. मोठ्या रस्त्यानं मीठ टाकणारी गाडी गेली. ड्रायव्हरला वाटलं असेल, म्हातारी सांडलेलं काही गोळा करतेय. त्यानं हात हलवला. एफीनंही रांगता रांगता हात हलवला.

"आला का ॲलेक डॅन?" मर्डकनं विचारलं.

"येतोय," ती म्हणाली. त्या दिवशी तिला नाही म्हणवेना.

*

रविवारी गारठा उतरला. असा, की नाकातले केस मोडावेत. एफीनं उकळती किटली शालीत गुंडाळली, घसरगाडीवर बांधली, ओढत नेली. कुलपावर पाणी ओतलं. बर्फाची खपली निघाली आणि किल्लीचं भोक उघडं पडलं! तिच्या तोंडून "हे देवा" निघालं. किल्ली घातली. निम्मी गेली, आणि अडकली. आत गेलेलं पाणी तेवढ्यात गोठलं होतं.

गोठल्या नळावर कढत पाणी ओतू नये, हे तिला आईनं लहानपणी शिकवलं होतं. तिनं स्वतः सॅडीच्या पोराला त्यापायी शिव्या घातल्या होत्या. ठाऊक असून केलं. किल्ली पिळायची भीती वाटली. मोडली तर संपलंच. ती तशीच तिथं लोंबती ठेवून आली.

कपाटावर एक नंबर लिहिला होता. एफीनं घरी येऊन लावला. तुमचा फोन आमच्यासाठी मोलाचा आहे, असं एक बाई म्हणाली आणि मग पिपाणी वाजत राहिली. त्या रात्री बाटलीतलं शेवटचं औषध तिनं सुईत ओढलं.

सोमवारी सकाळी सॅडी न बोलावता आली. एका हातात मेणबत्ती, दुसऱ्यात रिकामा डबा, डोक्यावर मेलेल्या नवऱ्याची टोपी.

"चल. आज त्या खुराड्याची मानच मुरगळू."

दोघी म्हाताऱ्या कोटांचे पदर पसरून कपाटाला चिकटून उभ्या राहिल्या. वारा अडवायला. मधे डब्यात मेणबत्ती, मेणबत्तीवर किल्लीचा दांडा.

"देवापुढं लावायची ही," सॅडी म्हणाली. "लावतोय कुठं, तर पत्र्यापुढं. पाद्रीबाबांनी पाहिलं तर?"

"पाद्रीबाबांचाही खण आहे यात."

"मग थांब, त्यांच्या नावानंही जाळू थोडी."

एफीला हसू आलं. किती दिवसांनी आलं. आणि त्या हसण्यातच किल्ली फिरली.

पुडकं दगड झालं होतं. सॅडीनं ते कपाटावर वाजवून पाहिलं, ठक् झालं.

"गोठलंय गं."

"त्यावर लिहिलंय बघ, थंड ठेवा," एफी म्हणाली. "आपणही फ्रीजमध्येच ठेवतो."

"हां, तेही खरंच."

*

तीन बाटल्यांतली एक तडकली होती. शाबूत दोन तिनं मोज्यात घातल्या, मोजा चुलीच्या माथ्यावरच्या कप्प्यात ठेवला आणि झाकण लोटलं.

"कोण आहे गं आत?" मर्डकनं विचारलं. झाकणाची कुरकुर तो जन्मापासून ओळखत होता.

"तुझं भावंड."

"मुलगा की कोकरू?"

"निजू दे. उठलं की सांगते."

तासाभरानं काढलं तर औषध विहिरीच्या पाण्यासारखं नितळ. कण नाही, साका नाही. एफीनं बाटली उजेडाकडे धरली आणि सुई भरली. मर्डकच्या पोटाची कातडी चिमटीत धरली. वाळल्या पानासारखी कातडी. "झालं," म्हणाली. "वाचलो रे बाबा."

दुसऱ्या दिवशी त्याला तहान लागली. तिसऱ्या दिवशी तो तांब्यानं पाणी प्यायला लागला, रात्रभर उठबस सुरू झाली, एफी चादरी धुऊन चुलीवर वाळवत राहिली. बोट टोचून बघायचं यंत्र आधी मोठे आकडे दाखवायचं. मग आकडा दाखवीना, साखर मापाबाहेर गेली की येतात ती नुसतीच दोन अक्षरं.

औषध तर चाललंय. मग साखर येते कुठून? एफीनं फडताळ उघडलं. काकवीची बरणी जरा खाली गेल्यासारखी वाटली.

"मर्डक, काकवी खाल्लीस?"

"नाही गं."

"खोटं बोलू नकोस माझ्याशी."

"नाही खाल्ली."

"मग ही काय मांजरानं खाल्ली? मी इथं हाडं मोडून घेतेय, बर्फात रांगतेय, आणि तू चोरून बोटं चाटतोस? लाज नाही वाटत? तुला घालवायचंय का त्या वृद्धाश्रमात? जायचंय का तुला?"

त्यानं दोन्ही हात पुढं केले, बोटं पसरून. शाळेत मास्तरांना नखं दाखवतात तसे. "बघ," म्हणाला. "वास घे हवं तर."

तिनं वास घेतला नाही. बरणी उचलली, दुसऱ्या खोलीतल्या कपाटात घालून कुलूप लावलं. तो हात तसेच पुढं धरून बसला होता. परत आली तरी तसेच.

जोआनचा नंबर फ्रीजवर चिकटवला होता. एफी फोन उचलायची, तीन आकडे फिरवायची, ठेवून द्यायची. जोआन येणार म्हणजे बघणार. बघणार म्हणजे लिहिणार. त्यापेक्षा सुईत जरासं वाढवून घ्यावं. जरासं, आणि आणखी जरासं. तीही बाटली निम्मी झाली.

मग त्याला उलट्या लागल्या. पोटात काही नव्हतं, तरी. श्वास लांब, खोल, लाकूड ओढावं तसा. आणि तोंडाला वास. तळघरात विसरलेली सफरचंदं आंबतात ना, तसा गोडसर.

सॅडी दारातून आत आली आणि तिथंच थबकली. "किती दिवस झाले असं?"

"उतरेल. ताप आहे थोडा."

"एफी, हा ताप नाही."

"उतरेल म्हटलं ना!"

सॅडी आल्या पावली वळली. ती घरी गेली. थोड्या वेळानं गाडी वाजली. दोनदा भोंगा.

खुर्चीतला मर्डक किंचित हलला. ओठ कोरडे, फुटलेले. "ॲलेक डॅन आला का गं?"

"आलोय, काका," ॲलेक डॅन दारातून म्हणाला. बर्फाचे बूट न झटकताच आत आला. मर्डकच्या तोंडाशी वाकला, सरळ झाला, आणि सॅडीला म्हणाला, "रुग्णवाहिका. आत्ता."

"नको!" एफी फोनच्या आड उभी राहिली. "ॲलेक डॅन, तुझ्या पाया पडते. एक रात्र थांब. गाडी आली की नेतील रे त्याला. परत नाही आणू द्यायचे."

"औषध कुठाय, काकू?"

तिनं बाटली दिली.

"खणात किती रात्री होती ही?"

"शुक्रवारपासून सोमवारपर्यंत. दगड झाली होती. पण मी ऊब दिली तिला. इथं, कप्प्यात. बघ ना, किती नितळ आहे."

ॲलेक डॅननं टोपी काढली. "काकू, हे एकदा गोठलं की मरतं. मग कितीही ऊब दिली तरी उठत नाही. दिसतं तसंच, पण पाणी असतं ते नुसतं."

चुलीत लाकूड सरकलं. सॅडीनं एफीच्या मागून हात घालून फोन उचलला. एफीनं अडवलं नाही.

"तुला ठाऊक होतं?" ती म्हणाली.

"म्हणून तर कोटात आणायचो."

"मग मला कधी बोलला का नाहीस?"

"मी आणत होतो ना, काकू." त्याचा आवाज फाटला. "मी आणत होतो. सांगायची वेळच कुठं आली?"

माणसं आली, खाट आली. मर्डकला घोंगडीत गुंडाळून उचललं तेव्हा तो त्यांच्यापुढं एवढासा दिसला. उंबऱ्यातून नेताना एफी धावत आतल्या खोलीत गेली, कुलूप काढलं, काकवीची बरणी घेऊन वाटेपर्यंत आली. कशाला, ते तिलाही सांगता आलं नसतं. दारं लागली होती.

*

तो जगला. सगळे म्हणाले, नशीब.

खाट मिळाली ती दोन तासांवरच. त्या बाजूला कुणाची गाडी निघाली तर एफी जायची. नाही निघाली तर नाही. जोआननं घरी येऊन सांगितलं तेव्हा ती रडली. एफी नाही रडली. जोआनला चहा दिला.

पहिल्या भेटीला तिनं त्याचे हात हातात घेतले, एकेक बोट नाकाशी धरलं. साबणाचा वास होता, परका.

"तू काकवी नव्हती खाल्लीस," ती म्हणाली.

"कसली काकवी?" मर्डकनं विचारलं. आणि थोड्या वेळानं, हळूच, "आणलीयस का?"

तिथली खिडकी भिंतीवर उघडत होती. त्याची मान मात्र अजून कुठंतरी वळलेली असायची. रस्ता शोधत, सापडत नसल्यासारखी. चहाची गाडी खडखडत आली की तो शेजारच्या खाटेला विचारायचा, ॲलेक डॅन आला का. शेजारचा बहिरा होता.

एप्रिलच्या शेवटाला वाटा मोकळ्या झाल्या. ओढा गढूळ होऊन बोंबलत निघाला, कुंपणाकडेला गवताची पाती दिसायला लागली. एफी साध्या बुटांनी चौरस्त्यावर उतरली. कपाटाचं लोखंड उन्हानं कोमट झालं होतं. किल्ली घातली, एका फिरकीत खण उघडला. त्यात एक पुडकं होतं. मर्डकच्या नावचं, औषधाच्या दुकानातलं. मर्डक आता वृद्धाश्रमात असतो हे दुकानात कुणी कळवलं नव्हतं.

तिनं ते हलवून पाहिलं. आत पाणी डुचमळलं. जिवंत होतं.

"काय गं घातलं खुराड्यानं?" सॅडीनं टेकाडावरून विचारलं.

एफीनं खणाला कुलूप लावलं. तिनं कोटाची वरची बटणं सोडली, पुडकं आत सरकवलं, छातीशी धरलं आणि बटणं पुन्हा गळ्यापर्यंत लावली. दिवस इतका उबदार होता की सॅडी बाहीनं कपाळ पुसत होती.

चढ तिनं सावकाश चढला. एक हात कोटावरून दाबून. ओठांत ते गाणं आलं, 'धनी माझा दर्यावरी'पर्यंत आलं, आणि पुढची ओळ आलीच नाही.

घरात चूल विझलेली होती. माथ्यावरच्या कप्प्याचं झाकण उघडं राहिलं होतं. एफी डुलत्या खुर्चीपाशी आली, उभी राहिली, गळ्याशी हात नेला. आणि कोटाचं बटण काही तिच्या बोटांना सुटेना.